छातीवर रेघा असलेली ती तपकिरी चिमणी कोण? साँग स्पॅरो डोळ्यांनी आणि कानांनी ओळखायची रीत

न्यू जर्सीत घरामागे थोडं गवत, एखादं झुडूप आणि लाकडी कुंपण असेल तर तुमच्याकडे साँग स्पॅरो बहुतेक आहेच, फक्त त्याचं नाव तुम्हाला माहीत नसेल एवढंच. मलाही नव्हतं. आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे एडिसनला आली होती, एप्रिल चालू होता, बाहेर गारठा, त्यामुळे सकाळचा चहा घेऊन ती किचनच्या खिडकीशीच उभी राहायची, आणि आल्यापासून तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला म्हणाली, "अगं इकडे ये, ही काही आपली चिमणी नव्हे. हिच्या छातीवर बघ कशा रेघा आहेत." मी त्याच खिडकीसमोर पाच वर्षं भांडी घासलेली. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं आणि तेव्हापासून रोज बघते. आपल्या बऱ्याच मंडळींना इकडे पक्ष्यांची गोडी लागलीय पण तपकिरी छोट्या पक्ष्यांपाशी येऊन सगळे अडकतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी चिमणी या शब्दाचा गुंता सोडवूया. आपल्या घरातली जी चिमणी ती म्हणजे हाउस स्पॅरो, ती अमेरिकेतली नाहीच, १८५० च्या सुमारास युरोपातून आणून ब्रुकलिनमध्ये सोडली आणि मग सगळीकडे पसरली, त्यामुळे पार्किंग लॉटमध्ये, ग्रोसरीच्या दुकानाच्या छपराखाली दिसते ती खरोखरच आपलीच चिमणी आहे. पण इथले जे मूळचे स्पॅरो आहेत त्यांचा तिच्याशी जवळचा संबंध नाही, नुसतं नाव सारखं. त्यांचं कूळच वेगळं, आणि आपल्याकडचा त्यांच्या जवळचा पक्षी शोधायचा तर तो भारीट, हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर थव्याने उतरतो ना, काळ्या डोक्याचा, तो. पूर्वी हे स्पॅरो आणि भारीट एकाच कुळात धरायचे, आता वेगळे केलेत. हे सांगायचं कारण असं की आपण मनात "चिमणी" धरून बघायला गेलो की डोळे हाउस स्पॅरोची खूण शोधतात, नराचा काळा गळा वगैरे, आणि ती इथे मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा. साँग स्पॅरो ओळखताना रंगावर जाऊ नका, मांडणीवर जा. हा एकच पक्षी अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत आहे, त्याच्या २० च्या वर उपजाती धरतात, आणि रंगात इतका फरक की अॅरिझोनाच्या वाळवंटातला फिक्का तांबूस, सिअॅटलकडचा गडद आणि काळपट, अलास्काच्या बेटांवरचा तर आकारानेही दणदणीत. म्हणजे न्यू जर्सीत "असा असा तपकिरी" म्हणून रंग पाठ केलात आणि उद्या कामासाठी सिअॅटलला गेलात तर तोच पक्षी अनोळखी वाटेल. पण रेघा कुठून कुठे जातात, चेहऱ्यावरचे पट्टे कसे आहेत, शेपूट किती लांब, हे सगळीकडे तेच राहतं. आणि गंमत म्हणजे गाण्याचंही अगदी असंच आहे, ते पुढे सांगतेच.

सुरुवात चेहऱ्यापासून करा, छातीपासून नको. सगळे छातीवर जातात कारण रेघा तिथे ठळक दिसतात, पण रेघा डझनभर पक्ष्यांना असतात, चेहरा मात्र ज्याचा त्याचा. साँग स्पॅरोचा चेहरा राखाडी. डोळ्याच्या वर रुंद राखाडी भुवई. डोळ्याच्या मागून एक तपकिरी रेघ मानेकडे जाते. माथा तपकिरी आणि त्याच्या बरोब्बर मधून, भांग पाडल्यासारखी, एक राखाडी रेघ, ती समोरून बघितली तर चटकन दिसते, बाजूने दिसत नाही. आणि सगळ्यात कामाची खूण म्हणजे मिशी, गळ्याच्या दोन्ही बाजूंना चोचीच्या मुळापासून खाली येणारा गडद तपकिरी पट्टा, जो खाली येताना रुंद होत त्रिकोणासारखा होतो. या दोन मिशांच्या मधला गळा पांढुरका. मला विचाराल तर या मिशीवरच माझा निम्मा निर्णय होतो.

मग छाती. पांढुरक्या छातीवर तपकिरी, जाड, थोड्या राठ रेघा, ब्रशने ओढल्यासारख्या, दोन्ही बाजूंनी खाली उतरत येतात आणि मधोमध एकत्र होऊन एक गडद ठिपका करतात. आई म्हणाली मंगळसूत्रच घातलंय, दोन्हीकडून सर येतात आणि मध्ये वाट्या. ही उपमा मी आजवर ज्याला ज्याला सांगितली त्याला ती परत सांगावी लागली नाही. फक्त एक लक्षात ठेवा, नुसता ठिपका दिसला म्हणून साँग स्पॅरो असं ठरवायचं नाही. पक्षी पिसं फुलवून बसला की ठिपका पसरतो किंवा नाहीसा होतो, आणि दुसऱ्या रेघावाल्या स्पॅरोंनाही अधूनमधून ठिपका असतो. इंटरनेटवर "मध्ये ठिपका म्हणजे साँग स्पॅरो" एवढंच वाचून मी पहिल्या वर्षी शेतातल्या निदान दहाएक सव्हाना स्पॅरोंना साँग स्पॅरो म्हणून वहीत लिहिलं होतं, ती पानं नंतर सगळी दुरुस्त करावी लागली.

तिसरी खूण शेपूट. लांब, टोकाला गोलसर, आणि उडताना ती वरखाली होते, गावाकडे हापशाचा दांडा मारतो ना तशी. साँग स्पॅरो एरवी लांब उडत नाही, एका झुडपातून दुसऱ्या झुडपात, बुटकं आणि घाईचं उड्डाण, आणि त्यात ती शेपूट हापसत जाते. चेहरा दिसला नाही, छाती दिसली नाही, नुसती पाठ आणि शेपूट दिसली तरी एवढ्यावरून निम्म्या वेळा तरी खरं निघतं. आकार म्हणाल तर १२ ते १७ सेंटीमीटर, आपल्या चिमणीएवढाच, पण अंगाने जरा सडपातळ, वजन आमच्याकडच्यांचं २० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचे चार चमचे साखर. नर आणि मादी दिसायला सारखेच.

आता ज्यांच्याशी घोळ होतो ते. सगळ्यात जास्त सव्हाना स्पॅरोशी, म्हणून त्याच्यावर जरा वेळ घालवते. सव्हाना म्हणजे गवताळ मैदान असं वाटतं पण नाव पडलंय जॉर्जियातल्या सव्हाना गावावरून, तिथे मिळालेल्या नमुन्यावरून अलेक्झांडर विल्सन या पक्षीशास्त्रज्ञाने ते दिलं. याच्या रेघा बारीक, स्वच्छ, टोक काढलेल्या पेन्सिलने ओढल्यासारख्या. शेपूट आखूड आणि टोकाला मध्ये खाच. पाय गुलाबी. आणि डोळ्याच्या पुढे, भुवईच्या सुरुवातीला, हळदीचं बोट लागल्यासारखा पिवळा रंग, पण हा कधी ठळक तर कधी इतका पुसट की उन्हात दिसतच नाही, त्यामुळे पिवळा दिसला तर सव्हाना नक्की, नाही दिसला तर काहीच नक्की नाही. खरा फरक वागण्यात आहे. साँग स्पॅरो दचकला की झुडपात घुसतो. सव्हाना मोकळ्या जमिनीवरचा, तो दचकला की गवतावरून उडून पुढे जाऊन परत गवतात उतरतो नाहीतर जमिनीवरून उंदरासारखा पळतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फ्रँकलिन टाउनशिपमधल्या नेग्री-नेपोट ग्रासलँडला गेलात तर हे दोन्ही प्रकार एकाच सकाळी बघायला मिळतात, मधल्या गवतात सव्हाना आणि कडेच्या झाडोऱ्यात साँग, त्यासारखी शाळा नाही.

लिंकन्स स्पॅरो ही दुसरी परीक्षा आणि जरा वरच्या इयत्तेची. हा साँग स्पॅरोचा चुलत भाऊ, दोघे एकाच वंशातले. आमच्याकडे तो राहत नाही, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरभर आणि परत मे महिन्यात वाटसरूसारखा जातो, आणि लाजरा इतका की दोन सेकंद दिसला तर नशीब. याची छाती खारीच्या रंगाची, म्हणजे आपली चहाबरोबरची खारी, तशी पिवळट बदामी, आणि तिच्यावर निबने ओढाव्यात तशा अगदी नाजूक काळ्या रेघा, त्या पोटावर एकदम थांबतात आणि खाली पोट पांढरं. मिशीच्या वरची पट्टीही त्याच बदामी रंगाची, डोळ्याभोवती बारीक फिकट कडं, आणि डोक्यावरची पिसं थोडी उभी करून बघतो त्यामुळे डोकं टोकदार वाटतं. साँग स्पॅरो जर ठसठशीत नऊवारी असेल तर हा इरकली, सगळं तेच पण सगळं नाजूक. नावाबद्दल एक सांगायलाच हवं, हा लिंकन म्हणजे अब्राहम लिंकन नाही. पक्ष्यांची चित्रं काढणारा प्रसिद्ध ऑड्युबॉन १८३३ साली लॅब्राडॉरच्या सफरीवर गेला होता तेव्हा त्याच्याबरोबर मेन राज्यातला थॉमस लिंकन नावाचा तरुण होता, त्याने हा पक्षी मिळवला म्हणून त्याचं नाव.

स्वँप स्पॅरो पाणथळीत, पंख तांबडे, छाती राखाडी आणि रेघा जवळजवळ नाहीतच, थोड्या सवयीने सुटतो. हाउस फिंचची मादी फीडरवर येते, तिच्याही छातीवर रेघा, पण ओल्या कागदावर शाई फुटावी तशा पसरट आणि चेहरा कोरा, ना भुवई ना मिशी, चोच जाड. चेहरा कोरा दिसला की स्पॅरोचा नाद सोडा. आणि रेड विंग्ड ब्लॅकबर्डची मादी, हिच्यावरून मला दर वसंतात किमान तीन जण फोटो पाठवतात, "हा कुठला मोठा स्पॅरो?" म्हणून. नर काळाकुळकुळीत आणि खांद्यावर लाल, मादी मात्र पूर्ण तपकिरी आणि गळ्यापासून शेपटीपर्यंत रेघारेघा. ती आकाराने मोठी आहे आणि चोच लांब, टोकदार, सुईसारखी. स्पॅरोची चोच दाणे फोडायची, आखूड आणि शंकूसारखी. चोच बघितली की दोन सेकंदात निकाल.

जून ते ऑगस्ट या काळात जरा जपून. तेव्हा यंदाची पिल्लं बाहेर पडलेली असतात, साँग स्पॅरोच्या पिल्लांना मधला ठिपका बऱ्याचदा नसतो, रेघा बारीक आणि अंग बदामी, म्हणजे चक्क लिंकन्ससारखं दिसतं. त्यातून चिपिंग स्पॅरो, ज्याच्या मोठ्या पक्ष्यांची छाती स्वच्छ असते, त्याच्याही पिल्लांवर रेघा. त्यामुळे जुलैमध्ये एडिसनच्या बॅकयार्डमध्ये लिंकन्स दिसला असं वाटलं तर तो बहुतेक साँगचंच पोर आहे, पाच मिनिटं थांबा, आईबाप चोचीत अळी घेऊन येतील आणि उत्तर मिळेल.

आता गाणं, आणि मला खरं प्रेम आहे ते याच भागाचं.

गाण्यावरून ओळखायला लोक काय करतात, रेकॉर्डिंग ऐकून चाल पाठ करतात, आणि मग बाहेर जाऊन ती चाल शोधतात आणि ती सापडत नाही. सापडणारच नाही, कारण साँग स्पॅरोच्या एकेका नराकडे आठ-दहा वेगवेगळी गाणी असतात, काहींकडे त्याहून जास्त, आणि शेजारच्या नराची परत वेगळी. एक गाणं तो पाच-दहा-पंधरा वेळा म्हणतो आणि मग एकदम दुसरं सुरू करतो, बाहेरच्याला वाटतं दुसराच पक्षी आला. म्हणून चाल नको, बांधणी पाठ करा.

बांधणी अशी. सुरुवातीला एकसारखे दोन-तीन, कधी चार ठोके, स्पष्ट, सुटे, एकाच सुरातले, बऱ्यापैकी मोठ्याने. मग एक लांबट घरघर, जवारी लावलेल्या तारेसारखी झझझझ. आणि मग भराभर एक गिटकडी आणि शेवटी काही विस्कळीत सूर, जिन्यावरून उतरताना हातातल्या बांगड्या वाजाव्यात तसे. सगळं मिळून दोन ते चार सेकंदांत आटोपतं. मधल्या घरघरीची आणि गिटकडीची जागा गाण्यागणिक बदलते, पण सुरुवातीचे ते ठोके बहुतेक गाण्यांत ठरलेले. माझ्या आईने गांधर्वच्या परीक्षा दिलेल्या आहेत, तिने दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "हा आधी तीनदा मुखडा धरतोय आणि मग तान टाकतोय, तान दरवेळी वेगळी पण मुखडा सोडत नाही." यापेक्षा चांगलं वर्णन मी नंतर कुठेही वाचलं नाही.

लक्षात राहायला शब्द लावायचे असतील तर आमच्या घरी आईने लावलेत ते असे, "उठ, उठ, उठ, चहाऽऽऽ झालाय-लाय-लाय-लाय." तीन "उठ" म्हणजे ठोके, "चहा"चा लांबवलेला आऽऽ म्हणजे घरघर आणि "लाय-लाय" ही गिटकडी. नंतर मला कळलं की न्यू इंग्लंडकडे जुन्या काळच्या बायका या गाण्याला जे शब्द लावायच्या त्यातही पोरींना तीनदा हाक मारून चहाची किटली चढवायला सांगितलंय. मिरजेच्या बाईला आणि तिकडच्या बायकांना एकाच पक्ष्यात चहाच ऐकू आला याचा मला फार आनंद झाला होता. तुम्ही तुमचे शब्द लावा, फक्त पहिले तीन शब्द सारखे आणि तोडून म्हणता यायला हवेत.

कानाने घोळ कुणाशी होतो तेही बघू. चिपिंग स्पॅरोचं गाणं म्हणजे शिवणाचं मशीन, एकच सूर, कोरडा, झरझर, ठोके नाहीत आणि शेवटी बदलही नाही. स्वँप स्पॅरोही एकच स्वर ओढतो पण संथ, एकेक मोजता येईल इतका. सव्हाना म्हणजे दोन-तीन बारीक टिप-टिप आणि मग किड्यासारखी झीऽऽऽ, इतकी पातळ की बरेच जण ती नाकतोड्यावर ढकलून मोकळे होतात. लिंकन्स बुडबुडे फुटल्यासारखा सलग गातो, गोड आहे पण ठोक्यांची सुरुवात नाही, आणि आमच्याकडून जाताना तो क्वचितच गातो. हाउस फिंच लांबलचक, गडबडीत बोलल्यासारखा गातो आणि त्यातही सुरुवातीला मोजून ठोके नसतात. कॅलिफोर्निया, ओरेगॉन, सिअॅटलकडच्या मंडळींनी बेविक्स रेन या छोट्या पक्ष्याकडे लक्ष द्यावं, त्याचं गाणं ऐकून चांगले अनुभवी लोकही क्षणभर साँग स्पॅरो म्हणतात, त्याचा आवाज थोडा पातळ असतो, पण खात्री करायची तर तो दिसेपर्यंत थांबणं बरं.

आणि गाणं नसेल तेव्हा हाक. हिवाळ्यात हीच कामाला येते कारण आमच्याकडे साँग स्पॅरो वर्षभर असतो पण डिसेंबर-जानेवारीत गात नाही म्हटलं तरी चालेल. झुडपाच्या बुडातून "च्यंप" किंवा "चेंक" अशी एक जाडसर, थोडी नाकातली हाक येते, सर्दी झालेल्या माणसाने एकच अक्षर बोलावं तशी. बाकी स्पॅरोंची हाक पातळ, टोकदार, "टिप" किंवा "सिप". हा फरक शब्दांत लिहून फार कळणार नाही, एक आठवडा रोज ऐकलात की कळेल, आणि एकदा कळला की परत जात नाही, सायकलसारखं आहे.

हे गाणं तो जन्मतः घेऊन येत नाही हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. नर पिल्लू पहिल्या काही महिन्यांत आजूबाजूच्या मोठ्या नरांचं ऐकून शिकतं, पीटर मार्लरसारख्या शास्त्रज्ञांनी पिल्लं वेगळी वाढवून बघितली तर त्यांचं गाणं कच्चं राहिलं, थोडंफार अंगात असतं पण गुरू लागतोच. पहिला वसंत येईपर्यंत त्याचा साठा पक्का होतो आणि मग आयुष्यभर तीच गाणी. सिअॅटलच्या डिस्कव्हरी पार्कमध्ये मायकेल बीचर यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला, तिकडचे शेजारी नर तर एकमेकांसारखीच काही गाणी गातात आणि भांडायचं असलं की शेजाऱ्याने जे गाणं म्हटलं तेच उलट ऐकवतात. आणि मार्गारेट मॉर्स नाइस यांचं नाव घेतल्याशिवाय साँग स्पॅरोबद्दल लिहिणंच बरोबर नाही. कोलंबस, ओहायोमध्ये राहणारी, मुलींचा संसार सांभाळणारी बाई, हातात कुठल्या विद्यापीठाची नोकरी नाही, १९२८ पासून घराजवळच्या नदीकाठच्या झाडोऱ्यातल्या साँग स्पॅरोंच्या पायात रंगीत कडी घालून एकेकाला वेगळं ओळखून त्यांचं अख्खं आयुष्य लिहून काढलं, दोन खंडांत. १९३५ च्या मे महिन्यात एका नराने एका दिवसात किती वेळा गाणं म्हटलं ते पहाटेपासून संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी मोजलं, २,३०५ वेळा. मी खिडकीत दहा मिनिटं मोजायला बसले तरी मध्ये एकदा लक्ष उडतं.

प्रत्यक्ष सराव कसा करायचा ते सांगते. दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं, जास्त पॉवरच्या मागे लागू नका, झुडपातला पक्षी शोधताना मोठं दृश्य लागतं. मार्च ते जून, सूर्योदयापासून पहिला दीड तास. जागा म्हणजे झुडपं अधिक मोकळं गवत अधिक जवळपास पाणी, ओढा, तळं, निदान ओलसर खड्डा तरी. ग्रेट स्वँपला, प्लेन्सबरो प्रिझर्व्हला भरपूर आहेत, पण खरं सांगू, आधी स्वतःचं कुंपणच बघा. नर गाताना लपत नाही, झुडपाच्या शेंड्यावर किंवा कुंपणाच्या खांबावर येऊन बसतो, डोकं मागे टाकतो, चोच उघडते, गळा फुगतो आणि शेपूट थरथरते. म्हणजे आधी कानाने दिशा पकडा, मग उंच नाही तर डोक्याच्या उंचीपर्यंतच्या टोकांवर नजर फिरवा, तो तिथेच असेल. दिसला की आधी चेहरा, मग छाती, मग शेपूट, आणि तोंडाने पुटपुटत राहा, राखाडी भुवई, मिशी, सर, वाट्या. फोटोच्या नादात पहिला अर्धा मिनिट घालवू नका, तो अर्धा मिनिटच तुमचा असतो.

फोनवर कॉर्नेल विद्यापीठाचं पक्षी ओळखायचं मर्लिन अॅप घ्या, फुकट आहे, त्यातलं आवाजावरून ओळखायचं फीचर २०२१ मध्ये आलं आणि शिकणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो. पण वापरायची एक पद्धत ठेवा, आधी स्वतः नाव म्हणा आणि मग स्क्रीन बघा, नाहीतर कान शिकणार नाही, अॅपच शिकेल. रेकॉर्डिंग करताना वर आवाजाचं जे चित्र सरकतं ना, स्पेक्ट्रोग्राम, त्याच्याकडेही बघा, साँग स्पॅरोच्या गाण्यात सुरुवातीला तीन सारख्या आकृत्या शेजारी शेजारी उमटतात, मग एक धुरकट पट्टा, कानाला जे कळलं नाही ते डोळ्याला कळतं.

एक कळकळीची विनंती. त्याचं गाणं स्पीकरवर लावून त्याला बाहेर काढू नका, निदान एप्रिल ते जुलै तरी नाहीच. त्याला वाटतं घरात दुसरा नर घुसला, तो जिवाच्या आकांताने येतो, गात सुटतो, आणि तेवढा वेळ पिल्लांचं खाणं थांबतं. घरटं जमिनीवर किंवा गुडघ्याएवढ्या उंचीवर गवतात, झुडपात असतं, त्यामुळे मे ते जुलै झुडपं छाटणं आणि कडेचं उंच गवत कापणं थांबवलंत तर फार बरं, लॉनवाल्यालाही सांगून ठेवा. अंड्यांवर बसलेलं घरटं हलवणं इथे १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने गुन्हाही आहे. मांजर असेल तर घरातच. आणि कधी हा छोटा स्पॅरो आपल्यापेक्षा मोठ्या, भुरकट, ढब्ब्या पिल्लाला भरवताना दिसला तर तो काउबर्डचा पोर, काउबर्डची मादी याच्या घरट्यात अंडी टाकून जाते, आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात टाकते तसंच. बघवत नाही, पण हात घालू नका, तोही इथलाच पक्षी आणि त्यालाही तोच कायदा.

टेक्सासमधल्या लोकांनी हे सगळं हिवाळ्यात करायचं, डॅलस-ह्यूस्टनला साँग स्पॅरो थंडीत येतो आणि उन्हाळ्यात नसतो, त्यामुळे तिकडे चेहरा आणि ती नाकातली हाक यांवरच मदार. टोरांटोवाल्यांना तो मार्चपासून चांगला ऐकू येईल.

आमच्याकडे पहिलं गाणं फेब्रुवारीच्या शेवटी येतं, एखाद्या उबदार सकाळी, कुंपणाच्या सावलीत बर्फ अजून असतो. त्या आठवड्यात मी सकाळी सातला किचनची खिडकी दोन बोटं उघडी ठेवते. गायला की आईला व्हिडिओ कॉल लावून फोन बाहेर धरते, तिच्याकडे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. यंदा तिने ऐकलं आणि विचारलं, "गेल्या वर्षीचाच का गं हा?" पायात कडं नसताना हे सांगता येतं का, तर येतं, त्याच्या गाण्यांचा साठा बदलत नाही ना. गेल्या मे महिन्यात कुंपणावरच्या नराची सगळी गाणी मी एकेक करून रेकॉर्ड केली होती, नऊ होती. यंदा फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन आठवडे रोज रेकॉर्डिंग केलं आणि जुन्या स्पेक्ट्रोग्रामशेजारी ठेवून बघितलं, पहिल्या आठवड्यात चार जुळली, दुसऱ्यात सात, आणि परवा सकाळी नववं. आईला लगेच मेसेज टाकला, तोच आहे.